अलंकार आणि आधार



इंग्रजीचा शिक्षक व्यासपीठावर उभा राहिला, की श्रोत्यांना थोडी धास्ती वाटते. आता हा आपल्याला व्याकरण शिकविणार की काय, अशी शंका चेहऱ्यांवर दिसू लागते. तसा माझा विचार नाही. माझ्या वर्गातला एक लहानसा प्रसंग सांगतो आणि त्याच्याच अनुषंगाने पुढे जातो.

शेक्सपिअरचे ‘ज्युलियस सीझर’ हे नाटक शिकवून झाल्यावर मी मुलांना दोन कामे दिली. अँटनीच्या प्रसिद्ध भाषणातले अलंकार ओळखा, हे एक; आणि सीझरच्या वधावर साधार टिपण लिहा, हे दुसरे. एका हुशार मुलीने अलंकारांची सात नावे बिनचूक लिहिली होती. पण तो अलंकार तेथे का आला आणि त्याने काय साधले, ह्याविषयी एक अक्षर नव्हते. एका अभ्यासू मुलाने लिहिले होते, की सीझरच्या अंगावर ३३ वार झाले. मी विचारले, “हा आकडा कुठून आणलास?” तो म्हणाला, “सर, पुस्तकात छापलाय.” त्याचे म्हणणे खोटे नव्हते. नाटकाच्या पाचव्या अंकात ऑक्टेव्हियसच्या तोंडी हाच आकडा आहे. परंतु प्लूटार्क आणि स्वेटोनियस ह्या दोन्ही प्राचीन चरित्रकारांनी दिलेला आकडा २३ आहे.

ह्या दोन वह्या शेजारी ठेवून मी पुष्कळ विचार केला. वर्गात आपण अलंकार एका तासाला शिकवितो आणि संदर्भ कसे तपासावेत हे दुसऱ्या तासाला. मुलांना वाटते, ह्या दोन वेगळ्या विद्या आहेत. मला वाटते, उणीव दोन्ही वह्यांत एकच होती. हे कोण बोलतो आहे, कोणापुढे, कशासाठी आणि कशाच्या आधारावर, हा प्रश्न दोघांनीही विचारला नव्हता. आज त्या एका भाषणाच्या साहाय्याने हा प्रश्न कसा विचारावयाचा ते पाहू.

प्रसंग आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. इसवी सनापूर्वी ४४ साली, १५ मार्च रोजी, रोममध्ये सीझरचा खून झाला. नाटकात ब्रूटस आधी बोलतो आणि लोकांना आपली बाजू पटवितो. मग तो अँटनीला बोलावयास परवानगी देतो, पण एका अटीवर: सीझरची स्तुती कर, मात्र आम्हांला दोष द्यावयाचा नाही. ही अट ध्यानात ठेवा, कारण पुढचे सगळे अलंकार तिच्यातून निघालेले आहेत.

दोष देता येत नाही, म्हणून अँटनी स्तुती करतो. ब्रूटस आणि त्याचे सोबती सन्माननीय आहेत, असे तो म्हणतो आणि तेच विशेषण पुन्हा पुन्हा उच्चारतो. पहिल्या वेळी श्रोत्यांना ते खरे वाटते. मधे तो सीझरचे एखादे सत्कृत्य सांगतो आणि पुन्हा तोच शब्द घेतो. असे होता होता त्या शब्दातला मान गळून पडतो आणि शेवटी जमावातलाच एकजण तो शब्द शिवीसारखा परत फेकतो. आपल्या अलंकारशास्त्रात वरून स्तुती आणि आतून निंदा असेल तर तिला व्याजस्तुती म्हणतात. अँटनीची व्याजस्तुती ही निव्वळ शोभा नाही. तोंड बांधलेल्या माणसाने काढलेली ती वाट आहे.

मग तो सीझरचे मृत्युपत्र दाखवितो आणि म्हणतो, की हे मी वाचणार नाही; वाचले तर तुमचा क्षोभ होईल. जे सांगावयाचे तेच “सांगत नाही” म्हणून आवरते घ्यावयाचे आणि त्यायोगे अधिक ठसवावयाचे, ह्याला आपले शास्त्रकार आक्षेप म्हणतात. बोलण्यात आक्षेप म्हणजे हरकत. शास्त्रातला अर्थ हा असा निराळा आहे. लोक अर्थातच “वाचा, वाचा” म्हणून ओरडू लागतात. अँटनीला जे करावयाचे होते ते आता लोकांची मागणी म्हणून तो करतो.

अलंकार समजला की नाही, ह्याची एक सोपी कसोटी मी मुलांना सांगतो. तो अलंकार काढून टाका आणि तेच म्हणणे सरळ मांडा. मग काय हरवले ते सांगा. अँटनीने सरळ “हे लोक नीच आहेत” असे म्हटले असते, तर पहिल्याच वाक्याला ब्रूटसच्या बाजूच्या जमावाने त्याला खाली ओढले असते. हे ज्याला सांगता आले, त्याला अलंकार कळला. नाव आठवले नाही तरी चालेल.

आता ह्याच भाषणाला दुसरा प्रश्न विचारू: अँटनीला हे कशावरून माहीत? तो सीझरचा रक्ताळलेला झगा उचलतो आणि एकेक भोक दाखवून सांगतो, की हा कॅशिअसचा वार, हा कॅस्काचा, हा ब्रूटसचा. श्रोते रडतात. वर्गातली मुलेही हेलावतात. पण वधाच्या क्षणी अँटनी तेथे नव्हता. नाटकातच, वार होण्याच्या जरा आधी, ट्रेबोनियस त्याला बाजूला घेऊन गेलेला आहे. जे त्याने पाहिले नाही ते तो प्रत्यक्षदर्शी असल्यासारखे सांगतो. त्याच झग्याविषयी तो म्हणतो, की सीझरने नर्व्ही लोकांवर जय मिळविला त्या संध्याकाळी तो प्रथम अंगावर घेतला आणि ते आपल्याला आठवते. ती लढाई इसवी सनापूर्वी ५७ सालची. इतिहासातला अँटनी त्या सुमारास गॅबिनियसच्या सैन्याबरोबर पूर्वेकडच्या मोहिमेवर होता. सीझरकडे तो काही वर्षांनंतर आला. आठवण गोड आहे, पण ती साक्ष म्हणून टिकत नाही.

भाषणाकडून आता त्याच्यामागच्या ग्रंथांकडे वळू. शेक्सपिअरने हे नाटक १५९९ च्या सुमारास लिहिले. त्याचा मुख्य आधार प्लूटार्कची चरित्रे. प्लूटार्क ग्रीकमध्ये लिहीत होता आणि तो जन्मला तेव्हा सीझरला मरून कित्येक दशके लोटली होती. त्याच्या ग्रंथाचे फ्रेंच भाषांतर जाक आम्यो ह्याने १५५९ साली केले, त्या फ्रेंचवरून सर टॉमस नॉर्थ ह्याने १५७९ साली इंग्रजी केले आणि ते इंग्रजी शेक्सपिअरने वाचले. एवढ्या हातांतून आलेल्या वस्तूवर हातांचे ठसे उमटणारच.

एक ठसा दाखवितो. सीझरने आपल्या बागा लोकांना दिल्या. मूळ ग्रीकमध्ये त्या टायबर नदीच्या पलीकडे आहेत. फ्रेंच भाषांतरात त्या नदीच्या अलीकडे आल्या, नॉर्थने तेच उतरविले आणि शेक्सपिअरचा अँटनीही बागा अलीकडेच सांगतो. आता एखादा विद्यार्थी म्हणेल, की आम्यो, नॉर्थ आणि शेक्सपिअर असे तीन साक्षीदार माझ्या बाजूला आहेत. पण तिघे एकावरून दुसऱ्याने उतरवून घेत असतील तर साक्षीदार एकच धरावयाचा. मोबाइलवर एकच मजकूर दहा जणांनी पाठविला म्हणजे दहा पुरावे झाले असे आपण मानतो, तेव्हा आपल्याही बागा नदीच्या चुकीच्या तीरावर जातात.

उलट उदाहरणही पाहा. मृत्युपत्रान्वये प्रत्येक नागरिकाला किती रक्कम मिळाली? प्लूटार्क म्हणतो, ७५ द्राख्मा. स्वेटोनियस म्हणतो, ३०० सेस्टर्स. वरवर पाहता हा विरोध वाटतो. परंतु ग्रीक लेखक द्राख्मा हा रोमन दिनारइतका धरीत आणि एका दिनारचे सेस्टर्स चार. पंचाहत्तर चोक तीनशे! दोन निराळ्या भाषांतले, निराळ्या नाण्यांतले आकडे जुळले. ह्याशिवाय तिसरा आधार दगडावर आहे. सीझरचा दत्तक वारस ऑगस्टस ह्याने आपली कृत्ये कोरून ठेवविली. त्या लेखाची प्रत आजच्या तुर्कस्तानात अंकारा येथील देवळाच्या भिंतीवर आहे. त्यात तो म्हणतो, की पित्याच्या मृत्युपत्राप्रमाणे मी रोमच्या जनतेला माणशी ३०० सेस्टर्स दिले. ऑगस्टस आपलीच थोरवी गातो आहे हे खरे. पण हा आकडा त्याच्या नावाने सर्वांपुढे जाहीर झाला, म्हणून त्या आकड्याला वजन येते.

आणि खुद्द ते भाषण? अँटनी खरोखर काय बोलला? सिसेरोने त्याच वर्षी लिहिलेल्या दुसऱ्या फिलिपिकमध्ये अँटनीवर ठपका ठेवला, की तुझ्या भाषणानेच लोक पेटले. सिसेरो समकालीन, पण अँटनीचा कट्टर वैरी. स्वेटोनियस दीडशेहून अधिक वर्षांनी लिहितो, की अँटनीने दवंडीवाल्याकडून सीनेटचे ठराव वाचविले आणि स्वतः अगदी थोडे बोलला. जवळचा साक्षीदार पक्षपाती. दूरचा तितका पक्षपाती नाही, पण दूरचा. अशा वेळी एकाला खोटे आणि दुसऱ्याला खरे ठरविण्याची घाई करू नये. प्रत्येकाचे म्हणणे त्याच्या नावासह, त्याच्या हेतूसह मांडावे. साधार लिहिणे म्हणतात ते हेच.

ही दृष्टी आपल्याला परकी नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला तेव्हा रसाळ बखरींपुढे त्यांनी रुक्ष पण अस्सल पत्रे ठेवली आणि बखरीतले किती टिकते ते ताडून पाहिले. बखर वाचण्याची गोडी त्यामुळे कमी झाली नाही. बखरीकडून काय घ्यावे आणि काय घेऊ नये, एवढेच कळले.

शेक्सपिअरलाही हाच न्याय लावावा. त्याच्या रोममध्ये घड्याळाचे टोले पडतात. रोमन लोकांपाशी छायायंत्रे होती, जलघटिका होत्या, टोले देणारे घड्याळ नव्हते. ह्यावरून तो खोटारडा ठरत नाही. सीझरला किती जखमा झाल्या हे त्याला विचारू नये. जमावाचे मन एका घटकेत कसे फिरते, हे मात्र त्यालाच विचारावे.

त्याने ते किती निर्दयपणे दाखविले आहे पाहा. अँटनीचे भाषण संपते आणि लगेच पुढच्या प्रवेशात सिन्ना नावाचा कवी रस्त्याने जात असतो. कटवाल्यांतही एक सिन्ना होता. जमाव ह्याला अडवितो. तो गयावया करून सांगतो, की मी तो नव्हे, मी कवी आहे. लोक म्हणतात, नाव तर तेच आहे ना! आणि त्याच्यावर तुटून पडतात. हा प्रसंग नाटककाराची कल्पना नाही. प्लूटार्क आणि स्वेटोनियस दोघेही सांगतात, की नावाच्या घोटाळ्यामुळे एक निरपराध सिन्ना त्या दिवशी मारला गेला. ज्यांनी भाषण ऐकून अश्रू ढाळले, त्यांना एका नावाची शहानिशा करावयास क्षणभर सवड झाली नाही.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. मुलगा अलंकारांची यादी घोकू लागला, तर त्याला विचारा, हा अलंकार कोणावर चालविला आहे? तो निबंधात आकडा लिहू लागला, तर विचारा, हे कोणी पाहिले आणि केव्हा लिहिले? त्याला उत्तर आले नाही तर रागावू नका. त्याच्याबरोबर बसून शोधा. आणि आज मीही पुष्कळ साल-आकडे आपल्यापुढे टाकले आहेत. मी बरा बोललो असे कोणाला वाटले असेल, तर त्याने घरी गेल्यावर ते आधी तपासून पाहावेत.