वाकून उष्णता मोजणारी पट्टी

अकोल्याला उन्हाची ओळख करून द्यायला नको. मे 2024 मध्ये पारा 45 अंशांच्या वर गेला, तेव्हा प्रशासनाने चक्क जमावबंदीचं 144 कलम लावलं. पण पारा सांगतो ते तापमान. उष्णता किती आणि कुठून कुठे वाहते, हा वेगळा हिशेब. तो अब्जांश मीटरच्या फटीत मांडायचा तर लागते एक इवलीशी पट्टी, कॅन्टिलिव्हर.

तिचं तत्त्व घरच्या इस्त्रीत आहे. एकमेकींना जोडलेल्या दोन धातूंच्या पट्ट्या तापतात, एक जास्त प्रसरण पावते, जोडी वाकते आणि वीज तुटते. प्रयोगशाळेतली पट्टी सिलिकॉन नायट्राइडची, वर सोन्याचा मुलामा. लांबी एक-दोन दशांश मिलिमीटर, जाडी जेमतेम मायक्रॉनभर. एक टोक घट्ट धरलेलं, दुसरं मोकळं. सोनं कितीतरी जास्त प्रसरण पावतं, म्हणून किंचित उष्णतेनेही मोकळं टोक झुकतं. ते डोळ्यांना दिसत नाही. पट्टीच्या पाठीवर लेसरचा झोत सोडतात. परावर्तित ठिपका संवेदकावर किती सरकला, यावरून उष्णता काढतात.

झुरिकच्या आयबीएम प्रयोगशाळेत गिम्झेव्स्की आणि गेर्बर यांनी 1994 मध्ये याच तत्त्वाच्या पट्टीवर हायड्रोजन-ऑक्सिजनच्या अभिक्रियेची ऊब टिपली. 2009 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत गँग चेन यांच्या चमूने पट्टीला काचेचा सूक्ष्म गोल चिकटवून तो सपाट पृष्ठभागापासून 30 नॅनोमीटरवर आणला. प्लांकच्या उष्णता-प्रारणाच्या नियमातून येणाऱ्या मर्यादेच्या सुमारे हजारपट उष्णता ती फट ओलांडत होती!

या विद्येत पवईच्या आयआयटीतून शिकून गेलेले अरुण मजुमदार अग्रभागी आहेत. त्यांनी सुईने पृष्ठभाग चाचपणाऱ्या सूक्ष्मदर्शकाच्या टोकावर थर्मोकपल, म्हणजे दोन धातूंच्या जोडाचा तापमापी, बसवला. मिशिगन विद्यापीठातले त्यांचे शिष्य प्रमोद रेड्डी यांच्या गटाने पट्टीवर प्लॅटिनमचा तापमापी कोरून 2017 मध्ये सोन्याच्या एकाच अणूतून जाणारी उष्णता मोजली. एक पिकोवॉट म्हणजे वॉटच्या अब्जांशाचा हजारावा भाग. त्यांच्या मापाची अचूकता त्या पातळीवरची.

याचा उपयोग काय? मोबाइलच्या चिपमधली उष्णता बाहेर कशी काढायची आणि वाया जाणाऱ्या उष्णतेतून वीज कशी करायची, हे या मापांशिवाय ठरत नाही. अकोला-अमरावतीच्या महाविद्यालयांत मात्र सुरुवातीला महागडं यंत्र लागत नाही. द्विधातू पट्टीवर चकचकीत पत्रा चिकटवा, लेसर पॉइंटरचा ठिपका भिंतीवर पाडा (डोळ्यांत जाऊ देऊ नका) आणि पट्टी तापवा. ठिपका सरकतो. तत्त्व तेच आहे, मोजायला लागा.