बिबट्याच्या ताटातला कुत्रा

वाघोलीच्या नावातच वाघ आहे आणि गावचे दैवत वाघेश्वर. पश्चिम महाराष्ट्रातल्या खेड्यांत आजही कोणी ‘वाघ दिसला’ म्हणाले, तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा बिबट्या दिसला असाच असतो. पट्टेरी वाघ इथल्या शेतशिवारात राहिला नाही, बोलीत मात्र तो टिकून आहे. २०२१ मध्ये वाघोली पुणे महापालिकेत आली. दगडखाणी, शेते आणि माळ यांच्या शेजारी उंच सोसायट्या उभ्या राहिल्या. इथला रहिवासी स्वतःला शहरवासी समजतो, त्यात चूक काही नाही. पण याच नगर रस्त्याने पुढे लोणीकंद ओलांडले की शिरूर तालुका लागतो आणि तिथे संध्याकाळनंतर अंगणात मूल एकटे सोडायला माणसे घाबरतात. दुसऱ्या बाजूला लोहगाव. तिथल्या विमानतळाच्या आवारात २०२५ मध्ये एक बिबट्या कित्येक महिने वावरत होता. एप्रिलमध्ये दिसलेला हा पाहुणा पकडला गेला तो थेट डिसेंबरमध्ये.

इतके महिने तो तिथे काय खात असेल, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

बिबट्या जंगल सोडून गावात आला, असे आपण म्हणतो. नगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासाने या समजाला धक्का दिला. दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात अशा शेतीच्या प्रदेशात त्यांनी आपोआप छायाचित्रे टिपणारे कॅमेरे लावले. हरणांसारखे मोठे रानटी भक्ष्य तिथे जवळजवळ नव्हते. तरीही शंभर चौरस किलोमीटरमध्ये सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि जवळपास तितकेच तरस आढळले. म्हणजे हे वाट चुकून आलेले प्राणी नव्हते, तिथले रहिवासीच होते. पुढे बिबट्यांच्या विष्ठेतील केस तपासून त्यांच्या आहाराचा हिशेब मांडला गेला. खाल्लेल्या भक्ष्याच्या एकूण वजनात ८७ टक्के वाटा पाळीव किंवा माणसाच्या आसपास राहणाऱ्या जनावरांचा निघाला. त्यात एकट्या कुत्र्याचा वाटा ३९ टक्के. मांजरे १२ टक्के, शेळ्या ११ टक्के. गंमत अशी की त्या भागात शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या सातपट होती. पण शेळी रात्री गोठ्यात असते आणि कुत्रा उकिरड्यावर.

कचरा, कुत्रा आणि बिबट्या अशी ही साखळी आहे. हॉटेलामागे टाकलेले अन्न, कोंबडीच्या दुकानातील आतडी-पिसे, उघड्यावर फेकलेली मेलेली जनावरे यांवर कुत्र्यांच्या पिढ्या वाढतात. पूर्वी मेलेल्या गुराचा फडशा गिधाडे पाडत. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी केली आणि ती जवळजवळ संपली. २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, तोवर ताट कुत्र्यांच्या पुढे सरकले होते. जिथे कुत्री मुबलक, तिथे बिबट्याला हरणामागे धावण्याची गरज उरत नाही.

याच साखळीकडे आरोग्याच्या नजरेने पाहणारा एक अभ्यास २०१८ मध्ये मुंबईतून आला. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातील सुमारे ३५ बिबटे वर्षाला अंदाजे दीड हजार कुत्री खात असावेत आणि त्यामुळे हजारभर श्वानदंश टळत असावेत, असे गणित संशोधकांनी मांडले. बिबट्या फुकटात रेबीज नियंत्रण करतो, अशा मथळ्यांना मग जोर चढला. हे गणित वाचताना थोडा हात राखलेला बरा. तो अंदाज आहे, मोजणी नव्हे. शिवाय उद्यानाच्या कडेचा हिशेब शिरूरच्या उसाला जसाच्या तसा लावता येत नाही. आणि यातली दुसरी बाजू अधिक बोचरी आहे. कुत्र्याच्या मागावर बिबट्या जिथवर येतो, तिथवरच अंगणात खेळणारे मूलही असते.

जुन्नर, आंबेगाव, शिरूर, खेड या पट्ट्यात हे प्रकर्षाने का घडते, याचे उत्तर पाण्यात आहे. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे ही धरणे झाली, कालवे आले आणि कोरडवाहू शिवारात ऊस उभा राहिला. आडसाली ऊस शेतात सोळा-अठरा महिने असतो. एवढ्या काळात बिबट्याची मादी त्यात पिल्ले घालून त्यांना बरेच मोठे करू शकते. सावली, पाणी, लपण आणि शेजारच्या वस्तीवर कुत्री. तिच्या दृष्टीने यापेक्षा चांगले जंगल कोणते? कित्येक पिढ्या उसातच जन्मलेल्या या बिबट्यांनी डोंगरातले रान पाहिलेलेही नसते. ऊसतोडीच्या वेळी फडात पिल्ले सापडतात. ती जागच्या जागी ठेवून रात्री आईने न्यावीत, यासाठी वनखाते आणि माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रातील पशुवैद्यक धडपडतात. ते बरोबरच आहे, कारण पिल्ले हरवलेली मादी त्या परिसरात सैरभैर फिरत राहते.

मग बिबटे पकडून दूर का सोडत नाहीत? हा उपाय जुन्नरने करून पाहिला आहे. १९९३ ते २००१ या काळात तिथे माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. फेब्रुवारी २००१ पासून बिबटे मोठ्या प्रमाणावर पकडून आसपासच्या जंगलांत सोडले जाऊ लागले. त्यानंतर २००३ पर्यंत ही सरासरी १७ वर गेली आणि जीवघेण्या हल्ल्यांचे प्रमाण दुप्पट झाले. कारण समजण्यासारखे आहे. प्रौढ बिबट्याची हद्द ठरलेली असते. तिथली माणसे, वाटा, वेळा त्याला पाठ असतात आणि तो त्या टाळून जगतो. उचलून परक्या मुलखात टाकलेला बिबट्या बिथरलेला असतो, आणि त्याची रिकामी झालेली हद्द घ्यायला कोणीतरी अननुभवी तरुण येतोच. गळू तसेच ठेवून तापाची गोळी देत राहण्याचा हा प्रकार आहे.

म्हणून लोकांचा संताप खोटा ठरत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबूत परिसरात तीन आठवड्यांच्या आत तीन जण बिबट्याच्या हल्ल्यात गेले. त्यांत दोन मुले होती आणि एक वृद्धा. अखेर तिथे बिबट्याला गोळी घालण्यात आली. माणसावर वारंवार हल्ला करणाऱ्या बिबट्याबाबत दुसरा मार्ग उरत नाही, हे वन्यजीवप्रेमींनीही मान्य करायला हवे. शहरात बसून सहजीवनाचे धडे देणाऱ्यांनी रात्रपाळीच्या विजेवर उसाला पाणी धरणाऱ्या शेतकऱ्याच्या जागी उभे राहून पाहावे.

या हल्ल्यांचे शरीरशास्त्र समजून घेण्यासारखे आहे. बिबट्या भक्ष्य धरतो ते मानेला. सुळे मानेत रुतले की श्वासनलिका, मोठ्या रक्तवाहिन्या किंवा मणक्यातील मज्जारज्जू निकामी होतो. उभा प्रौढ माणूस त्याच्या भक्ष्याच्या आकारात बसत नाही. मूल बसते, आणि खाली वाकून गवत कापणारी किंवा उघड्यावर शौचाला बसलेली व्यक्तीही बसते. पिंपरखेडच्या काही शेतकऱ्यांनी गळ्यात खिळ्यांचे पट्टे घातल्याची छायाचित्रे तेव्हा प्रसिद्ध झाली. अनेकांना ते विचित्र वाटले, पण मान वाचवण्याची ती कल्पना अनुभवातून आलेली होती. मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात असे पट्टे पूर्वीपासून बांधत आले आहेत.

वाचलेल्या जखमीची जखम वरून लहान दिसते आणि फसवते. सुळ्याचे भोक बारीक, पण खोल. मार्जारकुळातील प्राण्यांच्या तोंडातील पाश्चुरेला हे जंतू त्यातून आत जातात आणि चोवीस तासांच्या आतही जखम सुजून लाल होऊ शकते. त्याहून मोठी भीती रेबीजची. बिबट्या कुत्री खातो, त्यातले एखादे पिसाळलेले असू शकते. म्हणून बिबट्या, लांडगा, कोल्हा, तरस यांपैकी कोणत्याही रानटी प्राण्याने चावा घेतला, तर तो सर्वांत गंभीर, म्हणजे तिसऱ्या वर्गातला दंश मानतात. जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची. हळद, चुना, तिखट, तंबाखू काहीही भरायचे नाही. लगेच रुग्णालय गाठायचे. तिथे लसीबरोबर जखमेत आणि भोवती इम्युनोग्लोब्युलिन टोचावे लागते, कारण लसीने प्रतिकारशक्ती तयार व्हायला काही दिवस लागतात आणि तेवढी उसंत विषाणू देईलच असे नाही. धनुर्वाताचे इंजेक्शन आणि प्रतिजैविके वेगळी. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी वाचल्याची उदाहरणे जगात बोटांवर मोजण्याइतकीच आहेत.

रोगाची वाट उलट्या दिशेनेही जाते. २०१८ मध्ये गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हा कॅनाइन डिस्टेंपर हा कुत्र्यांमधला विषाणू त्यांच्यात सापडला. सासवड, जेजुरी, बारामती, इंदापूरच्या माळांवर अजून लांडगे आहेत. त्यांना हा धोका तर आहेच, शिवाय पुण्याजवळच्या माळावर लांडगा आणि कुत्रा यांच्या संकराचा पुरावा २०२३ मध्ये जनुकीय तपासणीतून मिळाला. जोडीदार दुर्मीळ झाला की लांडगा कुत्र्याशी जोडी जमवतो आणि जात अशी हळूहळू पुसली जाते.

वाघोलीपुरते बोलायचे, तर इथे बिबट्याची मोजणी करण्याआधी कुत्र्यांची मोजणी हवी. एखाद्या भागातील सत्तर टक्के कुत्र्यांना दरवर्षी लस मिळाली, तर रेबीजची साखळी तुटते, हे जगभर मान्य झालेले गणित आहे. त्यासाठी नसबंदी आणि लसीकरण वॉर्डावॉर्डाने सलग व्हावे लागते. तक्रार आली की गाडी पाठवून भागत नाही. बंद पडलेल्या खाणींत टाकल्या जाणाऱ्या कचऱ्याचे काय करायचे, हा प्रश्न तर त्याच्याही आधीचा.

आणखी एक अडचण नगर रस्त्याच्या पट्ट्यात हमखास दिसते. रेबीजची लस त्वचेत टोचली जाते ती पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. पहिले तीन डोस आठवडाभरात होतात. चौथ्यापर्यंत ऊसतोड टोळीचा मुक्काम हललेला असतो, बांधकामावरचा मजूर दुसऱ्या साइटवर गेलेला असतो. हा डोस त्याच रुग्णालयात घ्यावा लागतो, ही समजूत चुकीची आहे. लसीचे कार्ड जवळ ठेवावे आणि जिथे मुक्काम असेल तिथल्या सरकारी दवाखान्यात ते दाखवावे. तारीख दोन-चार दिवस पुढे गेली असली, तरी राहिलेला डोस घेता येतो. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.