विद्यार्थ्यांसाठी लॅपटॉपची निवड : मॅक की विंडोज?

कर्ज काढून घेतलेला लॅपटॉप दुसऱ्याच सत्रात निरुपयोगी ठरू नये, यासाठी अभ्यासक्रमातील अनिवार्य सॉफ्टवेअर प्रथम पाहणे आवश्यक आहे. यंत्र अभियांत्रिकीतील सॉलिडवर्क्स, वास्तुकलेतील रेव्हिट व वाणिज्य शाखेतील टॅली ही विंडोजसाठी निर्माण झालेली आहेत. २००६ पासून इंटेल प्रोसेसरच्या मॅकवर 'बूट कॅम्प'द्वारे विंडोज बसविता येत असे. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने स्वतःची एम१ चिप आणली आणि त्या चिपच्या मॅकवर ही सोय राहिली नाही. याउलट, आयफोनची ॲप्स विकसित करण्यास लागणारे एक्सकोड केवळ मॅकवर चालते. मराठी साहित्याच्या विद्यार्थ्यास युनिकोड लेखन दोहोंवर शक्य असल्याने त्याने अधिक खर्च का करावा, हे प्रस्तुत लेखकास उमगलेले नाही. एम मालिकेतील मॅकबुकची रॅम मात्र पुढे वाढविता येत नाही. ती खरेदीच्या वेळीच ठरवावी लागते.