मद्यासक्ती आणि प्राणी-प्रतिमान : चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात एक विवेचन

प्रास्ताविक :
गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ती २०१५ मध्ये लागू झाली व २०२१ मध्ये उठविण्यात आली. या प्रश्नाची चर्चा बहुधा महसूल, अवैध विक्री व स्त्रियांचे आंदोलन या अंगांनी होते. मद्यासक्ती हा मेंदूचाही विकार आहे, ही बाजू मागे पडते. प्रस्तुत लेखात प्राणी-प्रतिमानांच्या आधारे तिचा विचार केला आहे.

प्रतिमानाचे स्वरूप :
मानवी मनोविकार उंदरात जसाच्या तसा निर्माण करता येत नाही. त्याचे एखादे लक्षण तेवढे उभे करता येते. उदाहरणार्थ, उंचावर ठेवलेल्या अधिक-चिन्हाकृती मार्गाच्या दोन भुजांना भिंती असतात, दोन उघड्या असतात. निर्धास्त उंदीर उघड्या भुजांवरही फिरतो. धास्तावलेला भिंतींचा आडोसा सोडीत नाही. काही दिवस मद्य देऊन ते अचानक थांबविल्यास उंदरांत हीच धास्ती दिसते. नागपूर परिसरातील कोकरे, चोपडे व सुभेदार यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात या चिंतेशी मेंदूतील अल्फा-मेलॅनोसाइट उद्दीपक संप्रेरकाचा संबंध दाखविला.

यथार्थता व मर्यादा :
प्रतिमान तीन कसोट्यांवर तपासले जाते : लक्षणांचे साम्य, कारणांचे साम्य आणि उपचाराविषयीचे भाकीत. प्राण्यांचे मद्यसेवन कमी करणारे नाल्ट्रेक्सोन पुढे मानवी उपचारात आले. अमेरिकेत १९९४ मध्ये त्यास मद्यासक्तीसाठी मान्यता मिळाली. मात्र उंदराला कर्ज नसते, बेकारी नसते, मोहफुलाच्या दारूशी जोडलेला विधीही नसतो. शिवाय प्रयोगातील उंदीर पुष्कळदा एकटा असतो. कॅनडातील ब्रूस अलेक्झांडर यांनी १९७० च्या दशकाअखेर उंदरांना प्रशस्त जागा व सोबत दिली, तेव्हा त्यांचे मॉर्फिनसेवन एकट्या उंदरांहून कमी आढळले. पुढील सर्व प्रयोगांत मात्र तसे आढळले नाही.

समारोप :
मनुष्य दारूकडे का वळतो, हे उंदीर सांगू शकत नाही. ती सुटताना शरीर का बंड करते, हे मात्र तो सांगतो. दीर्घकाळ पिणाऱ्याची दारू एकाएकी थांबल्यास कंप, झटके व भ्रम उद्भवू शकतात. प्रसंगी ते प्राणघातक ठरतात. म्हणून बंदी असो वा नसो, उपचाराची सोय गावाच्या आवाक्यात असणे अगत्याचे आहे. विद्यार्थ्याच्या घरातील अशा रुग्णास केवळ दुर्बल मनाचा ठरवून आपण अध्यापकांनी मोकळे होणे, हे शास्त्राला धरून नाही.