कुलूप, किल्ली आणि नेपाळचा शांतता करार

नेपाळमधलं सरकार आणि माओवादी बंडखोर यांच्यातलं दहा वर्षांचं यादवी युद्ध 21 नोव्हेंबर 2006 रोजी करारावर सह्या होऊन संपलं. खरी कसोटी पुढेच होती. माओवाद्यांची शस्त्रं छावण्यांतल्या लोखंडी कंटेनरमध्ये गेली. देखरेख संयुक्त राष्ट्रांची, पण कुलपाची किल्ली माओवाद्यांकडेच! विश्वास असा अर्धामुर्धाच होता. पडताळणीत 19,602 लढवय्ये पात्र ठरले. कालचे शत्रू एकाच सैन्यात कसे घ्यायचे, या वादात सरकारं पडली आणि पोरं वर्षानुवर्षं छावण्यांत अडकली. शेवटी जेमतेम 1,400 जण सैन्यात गेले, बहुतेकांनी रोख रक्कम घेऊन घर गाठलं. राज्यघटना 2015 मध्ये आली. युद्धकाळातल्या अत्याचारांच्या चौकशीसाठी त्याच वर्षी नेमलेल्या सत्य आयोगाकडे साठ हजारांवर तक्रारी आल्या. युद्धात बेपत्ता झालेल्या शेकडो माणसांचे नातेवाईक अजून वाट पाहताहेत.