बँक्सिया आणि हनी पॉसम

ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य टोकाला, ऑल्बनीच्या आसपासच्या रेताड माळावर लाल बँक्सिया फुलते. तिचे एक फूल म्हणजे खरे तर शेकडो बारीक फुलांचा गच्च तुरा. या जमिनीत फॉस्फरस इतका कमी, की बँक्सियाला खास झुपकेदार मुळे फुटतात आणि ती मातीतून तो शोषून घेतात. मधाच्या बाबतीत मात्र झाडाचा हात सढळ असतो.

त्या मधावर जगतो हनी पॉसम. कांगारूसारखी पोटाला पिशवी असलेला हा प्राणी वजनाने जेमतेम दहा ग्रॅमचा. मध आणि पराग, एवढाच त्याचा आहार. सस्तन प्राण्यांत, वटवाघळे सोडली तर, असे दुसरे उदाहरण नाही. लांब जिभेच्या टोकाला ब्रशासारखे केस, दात नावापुरते. प्रथिने मिळतात ती परागातून. खाताना नाकातोंडाला चिकटलेले पराग दुसऱ्या तुऱ्यापर्यंत पोहोचतात. याचे नुकतेच जन्मलेले पिल्लू जेमतेम ५ मिलिग्रॅमचे, सस्तन प्राण्यांत सर्वांत लहान!

वणव्याशी मात्र दोघांचे नाते वेगवेगळे. लाल बँक्सिया आगीत मरते, पण तिची टणक बोंडे उकलून बिया मोकळ्या होतात. पॉसमला जळलेल्या रानात पुन्हा पुरेशी फुले मिळायला कित्येक वर्षे लागतात. मला त्याहून मोठी काळजी वाटते ती फायटोफ्थोरा या मातीतल्या रोगजंतूची. तो मुळे कुजवतो आणि बँक्सिया त्याला फार लवकर बळी पडते. चिखलाने माखलेल्या बुटांतून, गाड्यांच्या चाकांतून तो पसरतो. म्हणूनच तिथल्या राष्ट्रीय उद्यानांत पायवाटांवर बूट घासून स्वच्छ करायची सोय केलेली असते.