क्षमा केली, मग दावा कशाला?

अपघातात हात किंवा पाय कायमचा गमावलेल्या माणसाच्या घरी समाचारास गेलो म्हणजे एक वाक्य आम्हांला हमखास ऐकावयास मिळते : "फादर, त्या ड्रायव्हरला आम्ही क्षमा केली, आता कोर्टाची पायरी कशाला चढायची?" ह्या वाक्यामागील श्रद्धेचा आम्ही आदरच करतो. परंतु त्यात एक गल्लत आहे, आणि ती वाढविण्याचे काम गावातील शहाणी म्हणविणारी मंडळीच करीत असतात. पंचवीस-तीस हजार रुपये हातावर ठेवायचे, कागदावर अंगठा घ्यायचा आणि प्रकरण मिटले म्हणून सांगायचे! मिटते ते गाडीवाल्याचे. अपंग झालेल्याचे तर त्या दिवशी सुरू होते.

निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात मोशेच्या नियमशास्त्राने ह्या बाबतीत मोठी व्यवहारी व्यवस्था लावून दिली आहे. भांडणात मार बसून एखादा अंथरुणास खिळला आणि पुढे काठी टेकीत हिंडू-फिरू लागला, तर मारणाऱ्याला शिक्षा नाही. पण जखमी माणसाचा बुडालेला वेळ त्याने भरून द्यावा आणि तो पूर्ण बरा होईपर्यंतचे औषधपाणी करावे, असे तेथे सांगितले आहे. शिक्षा आणि भरपाई ह्या दोन गोष्टी इतक्या प्राचीन काळी वेगळ्या केलेल्या आहेत, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. जक्कयानेही प्रभूसमोर नुसते अश्रू ढाळले नाहीत. ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करण्याचे वचन दिले. पापाची क्षमा मिळाली तरी केलेली हानी भरून देण्याचे कर्तव्य उरतेच, ही ख्रिस्तसभेची शिकवण आहे. जखमी झालेल्याने आपल्या मनातील राग सोडावा, हे त्याच्या हाती आहे आणि त्याने तो अवश्य सोडावा. परंतु त्याच्या मुलांच्या ताटातील भाकरी माफ करण्याचा अधिकार त्याला कोणी दिला?

शिवाय पैसे बहुधा त्या गरीब ड्रायव्हरच्या घरातून येत नाहीत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने प्रत्येक वाहनाचा त्रयस्थ व्यक्तींसाठी विमा सक्तीचा केला आहे, आणि तो ह्याच प्रसंगासाठी आहे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे अर्ज केल्यावर विमा कंपनीला जाब द्यावा लागतो. अपघात झाला तेथेच अर्ज केला पाहिजे असेही नाही. दावेदार राहतो तेथेही तो करता येतो. खानापूर तालुक्यातील मुलगा गोव्यात कामावर असताना जखमी झाला, तरी त्याच्या म्हाताऱ्या बापाला घाट उतरून हेलपाटे घालण्याचे कारण नाही.

भरपाई मोजतात कशी, हे आमच्या लोकांना कोणी समजावून सांगत नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. डॉक्टर अपंगत्वाचा दाखला देतात, त्यात शेकडेवारी असते. पुष्कळांना वाटते की तेवढ्याच टक्क्यांनी कमाई बुडाली. ऑक्टोबर २०१० मधील एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा समज खोडून काढला आहे. डावा हात गेला तर अपंगत्व सुमारे साठ टक्के धरले जाईल. परंतु तो माणूस सुतार किंवा ड्रायव्हर असेल तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के गेली, आणि सरकारी कारकून असेल तर त्याची नोकरी कदाचित टिकूनही राहील, असे न्यायालयाने दाखवून दिले. म्हणजे पाहावयाचे ते तुटलेल्या अवयवाकडे नव्हे, तर त्या अवयवाने तो माणूस काय करीत होता त्याकडे.

समजा, तीस वर्षांचा एक सुतार महिना पंधरा हजार मिळवीत होता. वर्षाचे एक लाख ऐंशी हजार झाले. पुढे कमाई वाढली असती म्हणून त्यात चाळीस टक्के मिळवितात, की दोन लाख बावन्न हजार होतात. त्याच्या वयाला न्यायालयांनी सतराचा गुणक ठरविला आहे. गुणाकार बेचाळीस लाख चौऱ्याऐंशी हजारांचा होतो. साठच टक्के धरले तर हाच आकडा पंचवीस लाख सत्तर हजारांवर उतरतो. एका साक्षीने एवढा फरक पडतो! उपचारांचा खर्च, यातना आणि हिरावलेले सुख ह्यांची भरपाई निराळी.

मूल जखमी झाले तर? २००७ साली आईवडिलांबरोबर ट्रॅक्टरवरून जाणाऱ्या बारा वर्षांच्या एका मुलीला ट्रकने धडक दिली. डोक्याला मार बसून ती जन्माची परावलंबी झाली. न्यायाधिकरणाने सुमारे ११ लाख दिले, उच्च न्यायालयाने ते २५ लाख ७८ हजार केले. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६२ लाख २७ हजार रुपये आणि साडेसात टक्के व्याज देवविले. तिची शुश्रूषा करण्यास दोन माणसे लागतील, त्यांचा पगार त्यात धरला. तिचे लग्न होणे नाही, त्याचाही विचार केला. मुलीच्या आयुष्याची ही किंमत आहे असे कोणी म्हणू नये. तिला रोज न्हाऊ-माखू घालण्याचा तो खर्च आहे.

मात्र विलंब करू नये. १ एप्रिल २०२२ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने अर्जास सहा महिन्यांची मुदत घातली आहे. त्या मुदतीविषयीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला हे खरे, पण आपण त्या वादावर विसंबून का राहावे? पोलिसांकडील प्रथम खबरीची प्रत, दवाखान्याची प्रत्येक पावती, औषधांची बिले, पगाराचा काही पुरावा, हे सारे एका पिशवीत जपून ठेवावे. चूक कोणाची हे सिद्ध करता येत नसेल, तरी गंभीर दुखापतीस अडीच लाख मागता येतात. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर सरकारी योजनेतून पन्नास हजार मिळतात.

येथे एक कटू गोष्ट लिहिणे भाग आहे. आपल्या गाडीचा विमा नव्हता म्हणून दुसऱ्याची विमा उतरविलेली गाडी अपघातात दाखविणे, हा प्रकार कोर्टाच्या आवारातील दलाल सुचवितात. ती खोटी साक्ष आहे आणि चोरीही आहे; सातवी आणि आठवी आज्ञा एकाच कागदावर मोडली जाते. निकालाच्या रकमेत अमुक हिस्सा मागणाऱ्या वकिलापासूनही सावध राहावे. तसा करार वकिलांच्या नियमांनाच मंजूर नाही.

आणि रक्कम हाती आली की दूरचे भाऊबंद जवळचे होतात. कोणाला ट्रॅक्टर घ्यायचा असतो, कोणाच्या घराचा स्लॅब अडलेला असतो. ह्याच भीतीने अल्पवयीन किंवा अशिक्षित दावेदाराची रक्कम न्यायाधिकरणे पुष्कळदा बँकेत मुदत ठेवीत ठेवावयास लावतात. घरच्यांना त्याचा राग येतो. परंतु अंथरुणावरील माणसाला उठवून बसविणाऱ्या बाईचा पगार त्याच व्याजातून द्यायचा आहे, आणि ती बाई आणखी वीस वर्षांनीही लागणार आहे.